सकाळच्या शिंका पुन्हा पुन्हा का येतात? ॲलर्जिक सर्दीचे कारण शोधणे आणि उपचार मार्गी लावणे

सकाळी डोळे उघडताच एकामागून एक शिंका सुरू होतात, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहू लागतो, टाळू आणि कानाच्या आतली बाजू खाजते, डोळे चुरचुरतात. दहा-अकरा वाजेपर्यंत हे सारे ओसरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच घडते. ही तक्रार पुण्यात इतकी घरोघरी आढळते की ‘इथली हवाच अशी’ असे म्हणून ती सोडून दिली जाते, किंवा मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दिवस काढला जातो. गोळीने त्या दिवशी बरे वाटते, ती थांबवली की त्रास परत येतो, आणि काही वर्षांनी माणूस आपल्याला ‘कायमची सर्दी’ आहे असेच धरून चालतो.

हा त्रास परत येण्यामागे बहुतेक वेळा तीन कारणे असतात. तो नेमका कशामुळे होतो हे कधी शोधलेलेच नसते. लक्षण दाबणारे औषध घेतले जाते, पण नाकाच्या अस्तराची सूज उतरवणारे औषध घेतले जात नाही. आणि ते घेतले तरी चुकीच्या पद्धतीने किंवा फार थोडे दिवस घेतले जाते. म्हणून औषधाचे नाव विचारण्याआधी आपल्याला त्रास कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी होतो, हे नीट पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नाकात काय घडते

ॲलर्जिक सर्दीत जंतुसंसर्ग नसतो. धूळकीटकांची विष्ठा, परागकण किंवा बुरशीचे बीजाणू यांसारख्या एरवी निरुपद्रवी कणांविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण नाकात आला की या पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन आणि इतर रसायने सोडतात, आणि त्यातून शिंका, खाज व पाणी गळणे सुरू होते. हा झाला पहिला टप्पा. त्यानंतर चार ते आठ तासांनी दुसरा टप्पा येतो. त्यात इओसिनोफिल आणि इतर दाहक पेशी अस्तरात जमतात, सूज टिकून राहते आणि नाक चोंदते.

हे दोन टप्पे वेगळे आहेत हे लक्षात घेतले की पुढचे बरेच कोडे सुटते. हिस्टामिनविरोधी गोळी मुख्यतः पहिल्या टप्प्यावर काम करते, म्हणून शिंका थांबतात, पण नाक बंदच राहते. शिवाय रोज थोडा थोडा संपर्क येत राहिला की अस्तर अधिकाधिक हळवे होत जाते आणि मग मूळ कारणाची गरजही उरत नाही: मिरचीची फोडणी, उदबत्तीचा धूर, अत्तर, पंख्याचा थंड झोत अशा कशानेही शिंका सुटतात. त्यामुळे ‘मला सगळ्याचीच ॲलर्जी आहे’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ॲलर्जी एक-दोन गोष्टींचीच असते आणि बाकीच्या गोष्टी आधीच सुजलेल्या नाकाला डिवचत असतात.

आधी खात्री करा: ही ॲलर्जीच आहे का?

साध्या विषाणूजन्य सर्दीत अंग मोडून येते, घसा दुखतो, कधी थोडा ताप येतो, स्राव काही दिवसांत घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत सारे संपते. ॲलर्जिक सर्दीत ताप नसतो, स्राव पातळ व पारदर्शक राहतो, खाज ठळक असते आणि त्रास आठवडेच्या आठवडे किंवा ठरावीक ऋतूत दरवर्षी येतो. खाज ही खूण मला सर्वांत उपयोगी वाटते. नाक, टाळू, डोळे यांपैकी काहीच खाजत नसेल तर ॲलर्जीचे निदान पुन्हा तपासावे.

ॲलर्जीसारखे दिसणारे इतर प्रकार कमी नाहीत. काहींना थंड हवेत गेल्यावर, तीव्र वासाने किंवा तिखट जेवताना नाक गळते, पण सर्व तपासण्या नकारात्मक येतात. ही ॲलर्जीविरहित सर्दी आहे आणि तिला नुसत्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. पुण्यात दिवाळीच्या आसपास रस्त्याकडेच्या सप्तपर्णीला बहर येतो आणि संध्याकाळी त्याच्या उग्र वासाने अनेकांचे डोके जड होते. हे झाड मुख्यतः कीटकांकरवी परागण होणारे आहे. तेव्हा वासाने होणारा त्रास म्हणजे परागकणांची ॲलर्जीच असे लगेच समजू नये.

गालावर किंवा कपाळावर दुखणे, पिवळा-हिरवा घट्ट स्राव आणि वास न येणे ही लक्षणे सायनसच्या दाहाकडे बोट दाखवतात. वास पूर्णपणे गेला असेल आणि नाक कायम बंद असेल तर नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराचा मऊ फुगवटा, असू शकतो. नाकाचा पडदा वाकडा असेल तर एकच बाजू सतत बंद राहते. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता आणि रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही नाक चोंदते, म्हणून डॉक्टरांना आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी सांगावी.

काही लक्षणांत घरी थांबून प्रयोग करू नयेत. फक्त एकाच बाजूने स्राव येणे, वारंवार रक्त येणे, खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब पडणे, डोळ्याभोवती सूज येणे किंवा दुहेरी दिसणे, लहान मुलाच्या एका नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जावे. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर सूज, बधिरपणा किंवा नाकात काळसर खपली दिसली तर एक दिवसही दवडू नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराने, हा धडा महाराष्ट्राला फार कठोरपणे दिला.

कशाची ॲलर्जी? वेळ आणि जागा यांची नोंद

दोन-तीन आठवडे एका वहीत साधी नोंद ठेवावी: त्रास किती वाजता सुरू झाला, आपण कुठल्या खोलीत होतो, त्याआधी काय केले होते, बाहेरगावी गेल्यावर काय झाले, त्या दिवशी कोणते औषध घेतले. ही वही तज्ज्ञाला महागड्या तपासणीइतकी माहिती देते, कारण तपासणी शरीर कशाबद्दल संवेदनशील आहे एवढेच सांगते. त्रास त्याचमुळे होतो का, हे फक्त अनुभवाशी ताडून ठरते.

त्रास अंथरुणात किंवा उठल्याबरोबर होत असेल, वर्षभर कमी-अधिक राहत असेल, कपाट उघडताना, गादी झटकताना, माळ्यावरच्या वस्तू काढताना वाढत असेल, तर धूळकीटकांवर पहिला संशय घ्यावा. हे कीटक पाव मिलिमीटरच्या आसपास असतात, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या त्वचेतून रोज गळणाऱ्या सूक्ष्म कोंड्यावर ते जगतात, म्हणून गादी, उशी, गोधडी, सोफा आणि कापडी खेळणी ही त्यांची मुख्य वस्तीची ठिकाणे. ते पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषून घेतात. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात.

याच कारणाने पुण्याचे ऋतुचक्र इथल्या रुग्णांच्या त्रासात स्पष्ट उमटते. जून ते सप्टेंबर हवा दमट राहते, गाद्यांना ऊन मिळत नाही आणि कीटकांची संख्या वाढत जाते. पाऊस थांबल्यावर कीटक कमी होऊ लागले तरी त्यांची विष्ठा आणि मृत अवशेष गादीतच साचून राहतात. त्यानंतर येते दिवाळीची साफसफाई, माळे उपसले जातात, आणि थंडी पडताच वर्षभर घडी करून ठेवलेल्या गोधड्या व दुलया न धुताच अंगावर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘ऋतू बदलला म्हणून’ होणाऱ्या शिंकांचा मोठा वाटा या साचलेल्या धुळीचा असावा असे मला वाटते. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा अगदी कोरडी होते आणि धूळकीटकांची ॲलर्जी असणाऱ्या अनेकांना तेव्हा आपोआप आराम पडतो. हा आराम उन्हाळ्यात सुरू केलेल्या कुठल्यातरी काढ्याच्या खात्यावर जमा होतो, आणि पावसाळ्यात त्रास परतला की काढा बदलला जातो.

पावसाळ्यात घरातली ओल हा वेगळा मुद्दा आहे. पश्चिमेच्या भिंतीला येणारे पोपडे, न्हाणीघराच्या छतावरचे काळे ठिपके, कपाटातल्या चामडी चपला-पट्ट्यांवर येणारा पांढरा थर ही सगळी ओलीची आणि तिच्यावर वाढणाऱ्या बुरशीची चिन्हे आहेत, आणि बुरशीचे बीजाणू हवेतून नाकात जातात. विशिष्ट खोलीत शिरताच त्रास होत असेल तर त्या खोलीची भिंत, खिडकीची चौकट, वातानुकूलन यंत्राची जाळी आणि कुंड्या पाहाव्यात. कपडे त्याच खोलीत वाळत घालण्याची वेळ पावसाळ्यात अनेक सदनिकांवर येते. पर्याय नसेल तर निदान झोपायची खोली त्यासाठी वापरू नये. बुरशीवर नुसता रंग मारून ती पुन्हा वर येते, आधी गळती थांबवावी लागते.

त्रास घराबाहेर, ठरावीक महिन्यांत, मोकळ्या मैदानाजवळ वाढत असेल तर परागकणांचा विचार करावा. पहिल्या पावसानंतर रिकाम्या भूखंडांवर, नदीकाठी आणि रेल्वेमार्गालगत माजणारे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, पुणेकरांना सांगायला नको. भारतातली त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातच झाली. त्याच्या परागकणांनी सर्दी होते आणि संपर्काने त्वचेवर चिवट पुरळ येतो, त्यामुळे ते उपटताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी आणि शक्यतो फुले येण्याआधीच ते काढावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हरळीसारख्या गवतांना तुरे येतात. थंडी सरता सरता पानगळीनंतर वावळासारखी झाडे फुलतात आणि वाऱ्यावर पराग सोडतात. ज्यांना फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये त्रास होतो त्यांनी ही शक्यता तज्ज्ञांपुढे जरूर मांडावी.

झुरळे हे अनेकांच्या ध्यानात न येणारे कारण आहे. त्यांची विष्ठा आणि कवचाचे कण हे ॲलर्जी आणि दमा या दोन्हींना जबाबदार असतात. जुन्या वाड्यांत आणि दाट वस्तीत स्वयंपाकघराची, मोरीची व्यवस्था याच दृष्टीने पाहावी. घरात मांजर-कुत्रा असेल तर त्याचे केस नव्हे, तर लाळेतून आणि कातडीच्या कोंड्यातून पसरणारी प्रथिने त्रास देतात, आणि प्राणी दुसरीकडे दिला तरी ती घरात काही महिने टिकतात.

हवेचे प्रदूषण ही स्वतः ॲलर्जी नव्हे, पण ते अस्तर आणखी सुजवते. हिवाळ्यातल्या सकाळी थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि पालापाचोळा जाळल्याचा, वाहनांचा व बांधकामाच्या धुळीचा थर तिच्यातच साचतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची ‘सफर’ ही प्रणाली पुण्याच्या हवेची माहिती देते. ती पाहून फिरायला जाण्याची वेळ सूर्य वर आल्यानंतर ठेवणे हा साधा उपाय आहे. दुचाकीवर तोंडाला बांधलेल्या ओढणीने किंवा स्कार्फने मोठी धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. घट्ट बसणारा एन-९५ मास्क अधिक उपयोगी पडतो.

तपासण्या: काय करावे, काय टाळावे

निदानाचा पाया डॉक्टरांनी घेतलेली माहिती आणि नाकाची तपासणी हाच आहे. नाकाच्या आतली फिकट, निळसर झाक असलेली सुजलेली अस्तरे, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, तळहाताने नाक वर चोळण्याच्या सवयीमुळे मुलांच्या नाकावर पडलेली आडवी रेघ, ही चिन्हे अनुभवी नजरेला बरेच सांगून जातात. तज्ज्ञ त्रासाचे वर्गीकरणही करतात: आठवड्यात चार किंवा अधिक दिवस आणि सलग चार आठवड्यांहून अधिक काळ त्रास असेल तर तो सततचा, नाहीतर अधूनमधूनचा; झोप, अभ्यास, काम बिघडत असेल तर मध्यम ते तीव्र, नाहीतर सौम्य. उपचार किती आणि किती काळ द्यायचे ते यावरून ठरते. म्हणूनच ‘थोडी सर्दी आहे’ असे मोघम सांगण्याऐवजी रात्री तोंड उघडे ठेवून झोपावे लागते का, दिवसा पेंग येते का, हे स्पष्ट सांगावे.

कारण पक्के करायचे असेल तर त्वचेवरची टोचणी चाचणी उत्तम. हातावर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी उठली का ते मोजतात. अर्क नसलेल्या नियंत्रण थेंबाच्या तुलनेत ती किमान ३ मिलिमीटर मोठी असावी लागते. चाचणीआधी साधारण आठवडाभर हिस्टामिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. खोकल्याच्या पातळ औषधातही हे घटक असतात, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारावे. नाकातला स्टिरॉइडचा फवारा थांबवण्याची गरज नसते. त्वचेवर पुरळ असेल किंवा गोळ्या थांबवणे शक्य नसेल तर रक्तातले विशिष्ट आयजीई मोजतात.

या टप्प्यावर बरेच पैसे वाया जातात. एकूण आयजीई वाढलेले असणे म्हणजे ॲलर्जिक सर्दी सिद्ध झाली असे नाही. पोटातल्या जंतांमुळेही ते वाढते, आणि ते सामान्य असूनही ॲलर्जी असू शकते. शंभर-दोनशे पदार्थांची एकत्रित यादी तपासून त्यात भात, गहू, दही, केळी, हरभरा अशा नावांपुढे खुणा आल्या की घरातले जेवणच बदलून टाकले जाते. केवळ नाकाच्या ॲलर्जीमागे अन्नपदार्थ क्वचितच असतो. अहवालात खूण आली पण तो पदार्थ खाल्ल्यावर काही होत नसेल तर तो सोडण्याचे कारण नाही. वाढत्या वयाच्या मुलांचे दूध, अंडी, डाळी अशा अहवालांवरून बंद केलेली पाहिली की मन खट्टू होते, कारण सर्दी तशीच राहते आणि पोषण मात्र घटते. अन्नासाठी मोजलेली आयजीजी प्रतिपिंडे तर ॲलर्जीचे निदान करतच नाहीत.

उपचार: फवारा केंद्रस्थानी, गोळी मदतीला

अधूनमधून होणाऱ्या सौम्य त्रासाला दुसऱ्या पिढीची हिस्टामिनविरोधी गोळी पुरेशी असते. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही त्यांतली परिचित नावे. पहिल्या दोहोंनी काहींना झोप येते, म्हणून ती रात्री घेतात. फेक्सोफेनाडिनने सुस्ती सर्वांत कमी येते, पण फळांच्या रसाबरोबर घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यावे लागते. क्लोरफेनिरामिन असलेल्या जुन्या गोळ्यांनी येणारी गुंगी दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते, आणि सकाळी दुचाकीवरून कामावर जाणाऱ्या माणसाने ती घेऊ नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

त्रास सततचा असेल किंवा नाक चोंदणे ही मुख्य तक्रार असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा हे सर्वांत परिणामकारक औषध आहे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून अनेक घरांत तो कपाटात पडून राहतो. या फवाऱ्यांतले औषध अत्यल्प मात्रेत, थेट अस्तरावर पडते आणि नव्या औषधांचे रक्तात पोहोचणारे प्रमाण फारच कमी असते. तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांशी किंवा इंजेक्शनशी त्याची बरोबरी करणे योग्य नाही. मुलांमध्ये दीर्घकाळ वापरताना कमीत कमी परिणामकारक मात्रा ठेवून उंची अधूनमधून मोजतात, एवढी दक्षता पुरते.

मात्र हा फवारा मारताच आराम देत नाही. परिणामाची सुरुवात साधारण अर्ध्या दिवसात होते, आणि पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. तीन दिवस मारून ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणे, किंवा नाक बंद झाले त्याच दिवशी मारणे, हे अपयशाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

दुसरे कारण पद्धत. आधी नाक हलके शिंकरून किंवा मिठाच्या पाण्याने धुऊन मोकळे करावे. बाटली हलवावी, नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर सूक्ष्म तुषार येईपर्यंत हवेत दाबावी. डोके मागे न टाकता किंचित पुढे झुकवावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने राहते आणि मधल्या पडद्यावर फवारा पडत नाही. दाबताना हळुवार श्वास आत घ्यावा, जोराने ओढू नये. औषध घशात उतरून कडवट चव आली तर ते नाकात थांबलेलेच नाही असे समजावे. नाकातून रक्ताचा अंश येऊ लागला तर बहुधा नळी पडद्याकडे वळलेली असते. दिशा बदलूनही रक्त येत राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

नुसत्या स्टिरॉइड फवाऱ्याने भागत नसेल तर फ्लुटिकासोन आणि ॲझेलास्टिन (हिस्टामिनविरोधी औषध) यांचा एकत्र फवारा देतात. तो लवकर काम करतो, चव मात्र कडू असते. आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट जोडलेली गोळी फार सहज दिली जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काही रुग्णांत अस्वस्थता, वाईट स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्मघाताचे विचार असे परिणाम दिसल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा लावला आणि ॲलर्जिक सर्दीत इतर उपाय लागू पडत नसतील तरच ते वापरावे असे सांगितले. दम्यासाठी ते घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, पण मुलाच्या स्वभावात अचानक बदल दिसला तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपल्याकडची जलनेती, हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी पूरक उपाय आहे. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. गच्चीवरच्या टाकीचे किंवा टँकरचे पाणी तसेच नाकात घेऊ नये, कारण निगलेरिया नावाचा दुर्मीळ पण प्राणघातक अमीबा नाकावाटेच मेंदूत शिरतो. पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. भांडे रोज धुऊन वाळवावे. वाफेने तात्पुरते मोकळे वाटते, पण ॲलर्जीवर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही, आणि उकळत्या पाण्याच्या भांड्याने लहान मुले भाजतात.

फवारा घेऊनही नाक बंदच का?

सर्वांत आधी बाटलीवरचे नाव वाचा. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले थेंब मिनिटांत नाक उघडतात, म्हणून ते मेडिकलमधून वारंवार आणले जातात. सलग तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, मग पुन्हा थेंब, आणि माणूस त्याच्यात अडकतो. काहीजण उशाशी बाटली ठेवल्याशिवाय झोपू शकत नाहीत. यातून सुटण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडचा फवारा सुरू करून थेंब बंद करतात. काहींना आधी एका नाकपुडीचे थेंब थांबवणे सोपे जाते. पहिला आठवडा कठीण जातो, नंतर अस्तर सावरते.

थेंब वापरत नसाल, फवारा महिनाभर रोज आणि योग्य पद्धतीने घेतला असेल आणि तरी फरक नसेल, तर निदानावर शंका घ्यावी: पडदा, पॉलिप, सायनस, मुलांत ॲडेनॉइड (नाकाच्या मागची वाढलेली गाठ). अशा वेळी दुर्बिणीतून नाक तपासून घ्यावे. वर्षातून एकदा घेतल्या जाणाऱ्या ‘सर्दीच्या इंजेक्शन’ला मात्र भुलू नये, ते बहुधा दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइड असते, आठवडेच्या आठवडे ते शरीरभर काम करते आणि साखर, हाडे, रक्तदाब यांना त्याची किंमत मोजावी लागते.

घरात काय बदलावे

सगळे घर धूळमुक्त करणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्नही करू नये. झोपायच्या खोलीवर लक्ष द्यावे, कारण दिवसाचा तिसरा हिस्सा तिथे जातो. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवावेत. कडक उन्हाने कीटक मरतात, पण ॲलर्जी करणारी प्रथिने धुतल्याशिवाय जात नाहीत, म्हणून गोधडी नुसती वाळवून भागत नाही. माळ्यावरून काढली की आधी धुवावी. गादी-उशीला कीटकरोधक खोळ घालता येते, पण केवळ खोळ घालून त्रास गेल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. तिच्याबरोबर बाकीचे बदलही हवेत. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. कापूस पिंजून गादी नव्याने भरायची असेल तर ज्याला त्रास आहे त्याने त्या दिवशी दुसरीकडे थांबावे. साफसफाई दुसऱ्या कुणी केली तरी धूळ खाली बसायला वेळ लागतो, तोवर खोलीत जाऊ नये. डासांची कॉइल, धूप आणि उदबत्ती झोपायच्या खोलीत लावू नये. देवघरात खिडकी उघडी ठेवून लावता येते.

मुले आणि दमा

सततचे बंद नाक मुलाची झोप मोडते, आणि शाळेत ते मूल आळशी किंवा लक्ष न देणारे ठरते. तोंडाने श्वास घेणे, घोरणे, ऐकू कमी येणे दिसले तर तपासणी लांबवू नये. ॲलर्जिक सर्दी असलेल्या १० ते ४० टक्के लोकांना दमाही असतो, कारण नाक आणि फुप्फुसे हा एकच श्वसनमार्ग आहे. रात्रीचा कोरडा खोकला, जिना चढताना किंवा खेळताना छातीत शिट्टी वाजणे असे काही असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, करून घ्यावी. दमा असताना नाकाचा उपचार नीट झाला की छातीचा त्रासही अनेकदा आटोक्यात येतो.

फवारा किती दिवस, आणि लस कोणासाठी

वर्षभर योग्य उपचार आणि घरातले बदल करूनही त्रास आटोक्यात येत नसेल, आणि चाचणीत सापडलेले कारण अनुभवाशी जुळत असेल, तर ॲलर्जीच्या लसीचा विचार होतो. १९११ मध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांपासून सुरू केलेली ही पद्धत आजही मूळ रोगावर काम करणारी एकमेव पद्धत आहे: ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तोच अल्प मात्रेत, इंजेक्शनने किंवा जिभेखाली, तीन ते पाच वर्षे देत शरीराला सवय लावायची. इंजेक्शननंतर किमान अर्धा तास दवाखान्यात थांबणे बंधनकारक समजावे, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. दमा अनियंत्रित असेल तर ही लस देत नाहीत. दहा-बारा पदार्थांचे एकत्र मिश्रण सुचवले गेले तर त्यातला प्रत्येक पदार्थ कशावरून निवडला, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

लस न घेणाऱ्यांनी फवारा आयुष्यभर घ्यावा लागेल अशी धास्ती घेऊ नये. त्रास काही आठवडे पूर्ण थांबला की डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करून पाहतात आणि लक्षणे परतली नाहीत तर थांबवतात. ज्यांचा त्रास दरवर्षी ठरावीक वेळी येतो त्यांनी तो सुरू होण्याची वाट पाहू नये. नोंदवहीत पावसाबरोबर शिंका सुरू झाल्याचे दिसत असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि दिवाळीच्या आसपास वाढत असेल तर सप्टेंबरअखेर फवारा सुरू करावा, म्हणजे खरा काळ येईपर्यंत औषधाला लागणारे दोन आठवडे मिळालेले असतात.